सदतीस पवित्र खोकी

अर्जात शेवटून दुसरा प्रश्न होता, 'हिब्रू कितपत येतं?' पुढे तीन चौकोन होते: थोडं, बरं, उत्तम. इलाना ग्रुबरने वसतिगृहातल्या पलंगावर पालथं पडून 'उत्तम'वर खूण केली. तेराव्या वर्षी सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, उभं राहून जेवढं पाठ म्हणून दाखवलं होतं, तेवढंच तिला येत होतं. अक्षरं वाचता यायची. शब्दांशी मात्र नुसती तोंडओळख होती. रस्त्यात भेटले तर मान हलवायची, पण नाव विचारलं तर बोंब.

"उत्तम?" फोनवर तिची आई म्हणाली. "अगं, तुझ्या हिब्रूच्या बाईंनी मला दोनदा बोलावून घेतलं होतं. दुसऱ्यांदा तर त्या रडल्या."

"आई, अर्जात असंच लिहायचं असतं. सगळे लिहितात."

"आणि समुद्रावर जाणार होतीस, त्याचं काय झालं?"

झालं होतं असं, की ज्या मैत्रिणींबरोबर वसंतातल्या सुट्टीत फ्लोरिडाला जायचं ठरलं होतं, त्यांनी इलानाचा पलंग आयत्या वेळी एकीच्या मित्राला देऊन टाकला. त्या रागात इलानाने कॉलेजातल्या ज्यू विद्यार्थी मंडळाच्या सेवेच्या सहलीत नाव घातलं. रागाने केलेली सेवा देवाला चालते की नाही कोण जाणे. आम्हाला चालली. फुकट आलेल्या बारा जोड हातांना नको म्हणण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो.

आम्ही म्हणजे मिसिसिपीतल्या टिलरी गावचे ज्यू. एके काळी दीडशे घरं होती, आता अकरा माणसं उरलीत. प्रार्थनेला दहा लागतात. पुरुष पुरेनात तेव्हा आम्ही बायकाही मोजायला लागलो, आणि देवाने त्यावर हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. त्या फेब्रुवारीत नदी सिनेगॉगमध्ये शिरली, बाकांवर दोन दिवस पाहुण्यासारखी बसली, आणि जाताना गुडघाभर चिखल ठेवून गेली.

सोमवारी पोरं आली. त्यांचा म्होरक्या गिडियन, वय पंचवीस, गळ्यात शिट्टी. त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि कामं वाटली. बाक घासायला चार, जमीन उखडायला पाच, भिंतींना दोन. मग त्याने हातातला कागद वर धरला.

"पुस्तकांसाठी जाणकार माणूस हवं. हिब्रू उत्तम येणारं आपल्यात एकच नाव आहे."

अकरा माना इलानाकडे वळल्या. तेव्हाच ती म्हणाली असती, की बाबा रे, ती खूण चुकून झाली, तर पुढचं काही झालं नसतं. पण तिच्याबरोबरच्यांना चिखलात उतरायचे बूट मिळाले होते आणि तिच्या हातात पांढरेशुभ्र हातमोजे आले होते. पांढरे हातमोजे चढवल्यावर माणसाला खरं बोलणं जड जातं.

काम तसं सोपं होतं. ज्या पुस्तकात देवाचं नाव आहे ते भिजलं, फाटलं, कुजलं तरी आम्ही केरात टाकत नाही. माणसासारखं स्मशानात नेऊन पुरतो. बाकीचे कागद, म्हणजे जुन्या सभांचे अहवाल, शेरीफच्या निवडणुकीची पत्रकं, कुणाच्या लग्नाच्या पत्रिका, हे कचऱ्यात. पवित्र ते एका बाजूला आणि कचरा दुसऱ्या बाजूला, एवढंच करायचं होतं. इलानाने नियम करून टाकला: इंग्रजी अक्षरं दिसली की कचरा, हिब्रू अक्षरं दिसली की पवित्र. एका दिवसात तिने बारा खोकी भरली आणि प्रत्येकावर काळ्या शाईने मोठ्ठं 'पवित्र' लिहिलं. खोक्यावर आकडा घालावा हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि शिट्टीवाल्याच्याही नाही.

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पाणी पोचलं नव्हतं तिथे, जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली एक वही होती. पाठ उसवलेली, पानं पिवळी पडलेली, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पहिल्या पानावर वर कोपऱ्यात धार्मिक माणसं कागदाच्या माथ्यावर लिहितात ती, 'देवाच्या साहाय्याने' याची दोन हिब्रू आद्याक्षरं होती आणि खाली पानामागून पान हाताने लिहिलेलं. इलानाने एक ओळ मनात जुळवून पाहिली. ओळखीचा एकही शब्द लागेना. दुसरी ओळ पाहिली. तीच गत. आपल्याला इतकं काही कळत नाही त्या अर्थी हे फारच पवित्र असणार, अशी तिची खात्री पटली. कुणीतरी एवढं जपून गुंडाळलंय म्हणजे ऋषितुल्य माणसाचंच असणार. तिने वही पुन्हा नीट गुंडाळली आणि आदराने खोक्यात ठेवली.

गुरुवारी दुपारी स्मशानात खड्डा खणून सदतीस खोकी पुरली. आम्ही अकराच्या अकरा जण हजर होतो. वृद्धाश्रमातून झाल्मन पिन्स्करलाही चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. वय एक्याण्णव, डोळे गेलेले, जीभ मात्र शाबूत. आमच्यात माती टाकताना पहिलं फावडं उलटं धरतात, म्हणजे हे काम आम्ही हौसेने करत नाही असं मेलेल्याला कळावं. सगळ्यात जास्त माती टाकली फ्रॅडल कॅमिनरने. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण तीन फावडी उलटी आणि सात सुलटी. वर डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावून म्हणाली, "आपले पूर्वज जातायत, बर्था. बघ."

बर्था लिस्क ही तिची शेजारीण, मैत्रीण आणि वैरीण, तिन्ही एकाच देहात. ती म्हणाली, "पूर्वज साठ वर्षांपूर्वीच गेले. ही पुस्तकं आहेत. रुमाल दे इकडे, मला शिंकायचंय."

पण पुरामुळे म्हणा किंवा त्या रडण्यामुळे म्हणा, फ्रॅडल जरा नरमली होती. शुक्रवारी सकाळी ती बर्थाला म्हणाली, "पंधरा दिवसांवर वल्हांडणाचा सण आलाय. या वर्षी तुला आईच्या अक्रोडाच्या केकची कृती देऊनच टाकते."

बर्था तिथेच खुर्चीत बसली. त्या सणात आम्हाला पिठाचा केक चालत नाही. बिनपिठाचा तो अक्रोडाचा केक फ्रॅडल दर सणाला आणायची, आणि कृती विचारली की म्हणायची, "आईच्या वहीत आहे. यिद्दिशमध्ये." यिद्दिश ही आमच्या आयांची घरातली भाषा, लिहायची हिब्रू अक्षरांतच. फ्रॅडलला ती वाचता येत नव्हती. गावात एकट्या झाल्मनला येत होती, पण त्याच्याशी फ्रॅडलचं तीस वर्षं बोलणं नव्हतं. तो एकदा तिच्या नवऱ्याच्या जागेवर बसला होता. सिनेगॉगमध्ये पंख्याखाली तेवढी एकच जागा होती. असल्या कारणाने लोक तीस वर्षं बोलत नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मिसिसिपीतला जुलै पाहिलेला नाही.

"पण कृती तुला वाचून कोण दाखवणार?" बर्था म्हणाली.

"ती हिब्रूवाली पोरगी. 'उत्तम' येतं म्हणे."

फ्रॅडल कपाटापाशी गेली. वरची फळी मोकळी. तिने हात फिरवला. हाताला नुसती धूळ लागली.

"इथे टेबलक्लॉथ होता," ती म्हणाली. कोणालाच नाही, फळीलाच म्हणाली. "घरात पाणी शिरेल म्हणून वही मी इथे आणून ठेवली. गावात सगळ्यात उंच फळी हीच."

इलाना तिथेच रिकामी खोकी दुमडत बसली होती. तिच्या हातमोज्यांत घाम सुटला. गप्प बसायला तिला पुरेपूर वाव होता. कपाट कुणी आवरलं ते फ्रॅडलला ठाऊक नव्हतं, आणि उंदरांवर ढकलायला तर कुरतडलेले कोपरे होतेच. एवढं सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं, असं तिनेच नंतर सांगितलं.

"मिस फ्रॅडल," ती म्हणाली, "निळ्या फुलांचा टेबलक्लॉथ का?"

"हो!"

"तो... काल आपण पुरला."

फ्रॅडलने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी दहा फावडी माती टाकली होती.

"वर देवाची दोन अक्षरं होती," इलाना भरभर बोलू लागली, "आणि मला एक शब्दही कळेना, म्हणून मला वाटलं..."

"न कळणारं सगळं पवित्र असतं होय गं? मग तुझ्या त्या शिट्टीवाल्याला पुरलं असतंस!"

"मला हिब्रू येत नाही," इलाना म्हणाली. "अर्जात मी खोटं लिहिलं. नुसती अक्षरं येतात."

फ्रॅडल शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं. तिने दिल्या नाहीत, म्हणून सगळे जास्त घाबरले. ती खुर्चीवर बसून एवढंच म्हणाली, "आईच्या हातचं माझ्याकडे तेवढंच होतं."

गिडियनने आमच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावला. ते दोन तासांवरच्या शहरात राहतात आणि महिन्यातून एकदाच येतात, म्हणून आम्ही त्यांना पुरवून वापरतो.

"नुसत्या त्या दोन अक्षरांवरून पुरली?" रब्बी म्हणाले. "अरे, माझी बायको बटाट्याच्या यादीवर तीच अक्षरं लिहिते! काढा बाहेर. पण आदराने काढा. आणि आज शुक्रवार आहे. सूर्य बुडाला की शब्बाथ. फावड्याला हात लावायचा नाही."

"मग रविवारी काढतो."

"उद्यापासून तीन दिवस पाऊस सांगितलाय, बाळा. खोकी कसली आहेत?"

"पुठ्ठ्याची," गिडियन म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने शिट्टी न वाजवता पोरांना पळायला लावलं.

दुपारी तीन वाजता बारा पोरं स्मशानात खणत होती. इलाना सगळ्यांच्या पुढे, हातमोजे फेकून दिलेले. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीतून पाहिलं, आणि बिचारीने काळजीपोटी शेरीफच्या कचेरीत कळवलं, की ज्यूंच्या स्मशानात परगावची पोरं दिवसाढवळ्या थडगं उकरतायत. दहा मिनिटांत हवालदार रुफस टॅगर्ट गाडी घेऊन हजर.

"फावडी खाली ठेवा! काय चाललंय इथे?"

"साहेब, तसं काही नाही," गिडियन पुढे झाला. "काल आम्हीच पुरलं, आज आम्हीच काढतोय."

हवालदाराचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. "कुणाला?"

"सदतीस आहेत."

"सदतीस?"

"पण आम्हाला त्यातलं एकच हवंय."

याउपर हा पोरगा अजून बोलता तर बारा जण तुरुंगातच शब्बाथ करते. तेवढ्यात झाल्मनची खुर्ची ढकलत बर्था पोचली, आणि पाठोपाठ फ्रॅडल.

"रुफस टॅगर्ट," फ्रॅडल म्हणाली, "तुझ्या बारशाचं झबलं माझ्या बापाच्या दुकानातलं आहे. पट्ट्यावरचा हात काढ आणि फावडं घे. सूर्य खाली चाललाय."

"पण मिस फ्रॅडल, मयत कोण?"

"माझ्या आईची वही."

टॅगर्ट बाप्टिस्ट ख्रिस्ती. त्याला आमच्यातलं काही कळत नाही, पण आई कळते. त्याने टोपी काढून थडग्याच्या दगडावर ठेवली आणि खणायला लागला.

पुढचा दीड तास खोक्यामागून खोकं वर येत होतं आणि प्रत्येकावर तोच एक शब्द: 'पवित्र'. उघडायचं, पाहायचं, माफी मागून मिटायचं. वही ज्या खोक्यात होती ते पहिल्याच दिवशी भरलेलं, म्हणजे अर्थातच सगळ्यांच्या तळाशी. एकतिसावं खोकं उघडल्यावर इलानाला निळी फुलं दिसली. तिने टेबलक्लॉथ छातीशी धरला आणि खड्ड्यातच फतकल मारून रडली.

"नंतर रड," फ्रॅडल वरून म्हणाली. "आधी माझी आई वर दे."

बाकीची खोकी पुन्हा मातीआड करून सगळे सिनेगॉगमध्ये आले तेव्हा सूर्य बुडायच्या आत शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला अर्धा तास उरला होता. टॅगर्टही आला. बर्थाने त्याला कॉफी दिली होती आणि ती सोडून जाणं त्याला बरं दिसेना.

"आता वाचा," बर्था म्हणाली. तिने कृती उतरवून घ्यायला पेन्सिलही आणली होती.

पण वाचणार कोण? झाल्मनला भाषा येते, डोळे नाहीत. इलानाला डोळे आहेत, भाषा नाही. शेवटी ठरलं, की पोरीने अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायचं आणि म्हाताऱ्याने अर्थ सांगायचा.

"त्या माणसाला सांगा," फ्रॅडल झाल्मनपासून दोन हातांवर बसून बर्थाला म्हणाली, "की मी हे फक्त केकसाठी सहन करतेय."

"त्या बाईला सांगा," झाल्मन म्हणाला, "की मी केक खाल्लाय. मीही बरंच सहन केलंय."

इलानाने पहिली ओळ वाचली. अडखळत, एकेक अक्षर धरून. झाल्मनने कान पुढे केला. तिने परत वाचली.

"पोरी, ही यिद्दिश नाही."

"त्या माणसाला सांगा, माझ्या आईची यिद्दिश त्याच्या आईपेक्षा शुद्ध होती!"

"हिब्रूही नाही. पोलिशही नाही. पोलिश मी विसरलो, पण शिव्या लक्षात आहेत, त्यातली एकही यात नाही. पुढची ओळ घे."

इलानाने घेतली. तिचे कान लाल झाले होते. आपणच चुकीचं वाचतोय, आपल्याला अक्षरंसुद्धा येत नाहीत, अशी तिची आता खात्री झाली होती. तिने ती ओळ तिसऱ्यांदा वाचली, या वेळी सगळे आवाज भरभर एकाला एक जोडून.

दाराशी उभा असलेला टॅगर्ट खाकरला.

"माफ करा हं, मिस फ्रॅडल. माझा काही संबंध नाही. पण या पोरीने आत्ता कोबीचा भाव विचारला."

"काय?"

"'हा कोबी कसा दिला?' असं म्हणाली ती. इंग्रजीतच म्हणाली. जरा परदेशी लोक बोलतात तसं."

इलानाने वही डोळ्यांजवळ नेली. अक्षरं हिब्रू होती. शब्द मात्र इंग्रजी, टिलरीच्या बाजारातले, ऐकू आले तसे आपल्या अक्षरांत उतरवून घेतलेले. आता तिला वाचता येऊ लागलं, कुणी सांगायची गरज उरली नाही.

"'हा कोबी कसा दिला? फार महाग आहे.' ही ओळ सहा वेळा आहे. 'आज उकाडा आहे.' 'मिस्टर कॅमिनर, मी... '" ती थांबली. "नाही, खोडलंय. 'मी मिसेस झुकर. मला एक मुलगी आहे. माझी मुलगी फार हुशार आहे.'"

झुकर हे फ्रॅडलचं माहेरचं नाव. खोडलेला कॅमिनर तेव्हाचा खाटीक होता, त्याच्याकडून मांस घेताना आपली ओळख कशी करून द्यायची याचा सराव असावा. त्याच्या मुलाशी आपल्या मुलीचं पुढे लग्न होईल हे त्या बाईला कुठलं ठाऊक!

"केक?" बर्थाने हळूच विचारलं.

इलानाने पानं उलटली. "केक नाही. शेवटची सगळी पानं एकाच ओळीची आहेत. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तशी."

"कुठली ओळ?" फ्रॅडल म्हणाली.

"'फ्रॅडल, आज शाळेत काय झालं?'"

फ्रॅडल सात वर्षांची असताना तिने घरात जाहीर केलं होतं, की यापुढे मी यिद्दिश बोलणार नाही, लोक हसतात. आई म्हणायची, बस, तुला अक्षरं तरी शिकवते. ही म्हणायची, मला अभ्यास आहे. आईला इंग्रजी शिकायचीच नव्हती, आयुष्यभर हट्टीच राहिली, असं फ्रॅडल आम्हा सगळ्यांना साठ वर्षं सांगत आली होती. एकदा फक्त असं झालं होतं. घरी शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि आईने जेवण वाढता वाढता, अंग चोरून, इंग्रजीत हाच प्रश्न विचारला होता. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली ती फ्रॅडल. त्यानंतर आईने कधी काही विचारलं नाही.

हे तिने त्या दिवशी, मेणबत्त्यांना वीस मिनिटं उरली असताना, सगळ्यांसमोर सांगितलं. बर्थाने पेन्सिल पिशवीत ठेवली.

"केक मी बाजारातलं तयार मिश्रणाचं खोकं आणून करायची, बर्था. आईचा मला कधीच जमला नाही."

"ते मला बत्तीस वर्षं माहीत आहे," बर्था म्हणाली. "खोकं तुझ्या केराच्या डब्यात असायचं."

"मग कृती का मागत होतीस?"

"मागितली नसती, तर तुझ्या आईबद्दल बोलायला तुला कुणी उरलं असतं का?"

फ्रॅडलने नाक पुसलं. मग ती इलानाकडे वळली. पोरगी वही मांडीवर धरून, चिखलाने माखलेली, शिक्षेची वाट पाहत बसली होती.

"तू वही पुरली नसतीस तर ती न वाचताच मी मेले असते. तुला माफ करायचं की नाही हे मी तुझी सुट्टी संपेपर्यंत ठरवेन. तोवर ती ओळ पुन्हा वाच."

"'फ्रॅडल, आज शाळेत काय झालं?'"

फ्रॅडल बराच वेळ शब्द शोधत राहिली. घरातली ती भाषा तिने सात वर्षांची असताना टाकली होती. तिच्या हाताला लागले ते दोनच शब्द.

"गुट, मामे," ती म्हणाली. छान झालं, आई.

"गिट," चाकाच्या खुर्चीतून झाल्मन म्हणाला. त्याने बर्थाला काही सांगायला लावलं नाही. "तुझी आई 'गिट' म्हणायची, फ्रॅडल. आपल्याकडे सगळे 'गिट' म्हणायचे."

पंख्याखालची जागा तेव्हा रिकामी होती, बाक वाळायला ठेवलेले होते. फ्रॅडलने उठून त्याची खुर्ची ढकलत तिथे नेली आणि चाकाला लाकडाचा तुकडा लावला.

"गिट, मामे," ती म्हणाली, आणि काडेपेटी शोधू लागली.